मागच्यांना ऐकू येतंय का?

मला आता श्रद्धांजलीच्या भाषणांची शिसारी येते, आणि माझा तर धंदाच तो. मंडप, खुर्च्या आणि साउंड. नांदेडला मराठी घेऊन बी.ए. केलं, गावी परत आलो आणि वडिलांचं दुकान धरलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हदगावच्या बाजूला कुठंतरी आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की आमच्याकडे लगेच कुणाच्या तरी भावना दुखावतात आणि तहसीलवर निवेदन जातं.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की आमच्याकडे मातीला भाषणं होतात. चितेला अग्नी दिला की लोक तिथंच खाली बसतात. कुणीतरी माइक हातात घेतो आणि जाळ धडधडत असताना एकेक पुढारी उठून बोलतो. मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारं व्यक्तिमत्त्व हरपलं. मेलेल्यानं उभ्या जन्मात कुत्र्याला भाकर घातलेली नसली तरी शब्द तेच. मी मागं साउंडच्या मशीनपाशी उभा राहून ही भाषणं इतकी ऐकली आहेत, की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. मेलेल्या माणसाविषयी बोलणारा माणूस मला एकच भेटला. सोनकांबळे दादा.

दादा एसटीत कंट्रोलर होते. तालुक्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागं बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवर सांगायचं, हे त्यांचं काम. आवाज असा, की स्टँडबाहेरचा केळीवाला हातातली फणी खाली ठेवून ऐकायचा. पण आवाजापेक्षा त्यांची एक खोड प्रसिद्ध होती. गाडी लागली असं कुणी येऊन सांगितलं तरी दादा माइकला हात लावत नसत. उठायचे, चपला घालायचे, फलाटावर जायचे, पाटी वाचायचे, गाडीच्या तोंडाला हात लावायचे, परत केबिनमध्ये यायचे आणि मग सांगायचे. घाईतले प्रवासी वैतागायचे. दादा म्हणायचे, "खोटी गाडी लावली तं म्हातारी बाई बोचकं घेऊन पळती. तिचे गुडघे तुम्ही देता का?"

एकदा दिवाळीच्या गर्दीत तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांना सांगितलं, की नांदेडला जादा गाडी पाच मिनिटांत येते असं जाहीर करा, लोक ओरडताहेत. दादांनी माइक घेतला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. नांदेडला जाणारी जादा गाडी पाच मिनिटांत येईल, असं साहेब म्हणतात. मी अजून पाहिलेली नाही." सगळं स्टँड हसलं. साहेबांनी दादांना तीन महिने पार्सलच्या खोलीत बसवलं. तिथंही ते खुशाल होते. पार्सल डोळ्यांना दिसतं तरी, म्हणायचे.

पांढरी पँट, पांढरा शर्ट, कॉलरमागं घडीचा रुमाल, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. चहा कधी एकट्यानं प्यायचा नाही. समोर जो असेल त्याला बशीत अर्धा ओतून द्यायचा आणि आपण कपातून घ्यायचा. बौद्धवाड्यातलं घर. पत्नी लवकर गेल्या, एकुलती मुलगी लातूरला दिलेली. कुणी काही बातमी घेऊन आलं, अमक्याचं तमकीशी असं-असं आहे म्हणून, की दादांचा एकच सवाल असायचा, "डोळ्यानं पाहिलं का?" समोरचा गडबडायचा. "मग सांगू नका," असं म्हणून दादा बशी पुढं करायचे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते मातीला बोलायला लागले, तेही कुणी बोलावलं म्हणून नाही. गंगाराम म्हणून एक मजूर गेला, दारुडा. त्याच्या मातीला एक उत्साही गृहस्थ "समाजाचा आधारवड कोसळला" असं म्हणाले आणि गंगारामच्या बायकोनं पदर तोंडाला लावला, रडू आवरायला नाही, हसू आवरायला. दादा उठले. माइक हातात घेऊन आधी म्हणाले, "मागच्यांना ऐकू येतंय का?"

हॅलो नाही, चेक नाही, माइकवर टिचक्या नाहीत. हाच प्रश्न, आणि उत्तर आल्याशिवाय पुढं बोलायचं नाही. सगळ्यात मागं मी होतो, मशीनपाशी. मी ओरडलो, "हाव!" तेव्हापासून ते माझं कामच झालं. दादांनी विचारायचं, मी मागून हाव म्हणायचं, मग त्यांनी सुरू करायचं.

त्या दिवशी ते म्हणाले, "गंगाराम दारू प्यायचे. सगळ्यांना माहीत आहे, मी लपवत नाही. पण पिऊन त्यांनी बायकोवर कधी हात उचलला नाही. जास्त झाली की ते गोठ्यात जाऊन गाईपाशी झोपायचे. ती गाय कालपासून चारा खात नाही. एवढंच सांगायचं होतं." मग खाली बसले. गंगारामची बायको तेव्हा खरी रडली.

त्यानंतर घरोघरी त्यांना बोलावणं यायला लागलं. दोन्ही स्मशानांत, गावच्या आणि बौद्धवाड्याच्या, बोलायला चालणारा तो एकच माणूस होता. माती निघण्याआधी दादा त्या घरी जायचे, बायकांच्यात टेकायचे आणि विचारायचे, "माणूस कसा होता ते नका सांगू. रोज काय करायचा ते सांगा." कुणी सांगायचं, सकाळी उठून आधी कोंबड्या सोडायचा. कुणी सांगायचं, सुनेच्या हातचा चहा कधी नावाजला नाही, पण कपात थेंब ठेवला नाही. दादा तेच सांगायचे आणि लोक माना हलवायचे.

आमच्या भागातल्या पुढाऱ्याचे वडील गेले तेव्हा तर कमाल झाली. या पुढाऱ्याला सगळे साहेब म्हणतात, मीही साहेबच म्हणतो. मोठमोठे लोक आले होते. दादा म्हणाले, "यांनी शाळेला जागा दिली. जागा गायरानाची होती. पण दिली, हे खरं आहे." सगळी माणसं एकदम खाली बघायला लागली, हसू दिसू नये म्हणून. साहेबही ओठ दाबून हसले आणि नंतर पाठीवर थाप मारून म्हणाले, "कंट्रोलर, तुम्ही काही सुधरत नाही." तेव्हा आम्हाला वाटलं, केवढा हा मोठेपणा. आता कळतं. साध्या दिवसांत खरं बोलणारा माणूस गावाला शोभेला लागतो. पाहुणे आले की दाखवायला बरा असतो.

मग लढाई सुरू झाली. आमच्यापासून हजार कोसांवर सीमा, पण गावात असा ताप चढला की विचारू नका. नांदेडला भोंगे वाजवून सराव झाला. आमच्या चौकातल्या हॉटेलात टीव्ही दिवसभर सुरू. एका संध्याकाळी टीव्हीवाल्यानं नरडं फाडून सांगितलं, की शत्रूचं एक अख्खं शहर आपण घेतलं. लोकांनी फटाके लावले, पेढे वाटले. दादा कोपऱ्यात चहा घेत होते. त्यांनी हॉटेलवाल्याला विचारलं, "कोणी पाहिलं?"

"टीव्हीनं दाखवलं की, दादा."

"टीव्ही कुठं उभा होता?"

दोघं-तिघं हसले. दुसऱ्या दिवशी कळलं, की तसलं काही झालंच नव्हतं. फटाके उडवणाऱ्यांपैकी एकालाही त्याचं काही वाटलं नाही. उलट दादांकडेच लोक तिरकं बघायला लागले, जणू ते शहर यांनीच परत देऊन टाकलं. शाळेतल्या एका गुरुजींनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. हे गुरुजी दादांकडूनच बोलायला शिकलेले.

"दादा, हे दिवस इचारायचे न्हाईत. लढाई सरू द्या, मंग इचारा."

"गाडी निघून गेल्यावर चौकशीच्या खिडकीवर कोण येतं, गुरुजी?" दादा म्हणाले. "लोक गाडीत असतेत तवाच इचारावं लागतं, की ब्रेक लागतेत का."

दादांचा थोरला भाऊ स्वतः फौजेत होता. दर झेंडावंदनाला दादा इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत असायचे. पण त्या दिवसांत ही असली माहिती कुणाच्या कामाची नव्हती.

आणि मग बालाजी आला, तिरंग्यात. कौसाबाईचा थोरला. कोरडवाहू शेतीतलं घर, बाप आधीच गेलेला, मागं आई आणि धाकटा परमेश्वर. बातमी अशी आली, की बालाजीनं शत्रूचे इतके मारले, तितके मारले, आणि छातीवर गोळी झेलली. आकडा दर तासाला वाढत होता. चौकात रातोरात फ्लेक्स लागला. त्यात साहेबांचा चेहरा परातीएवढा आणि बालाजीचा कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोचा मोठा केलेला, धुरकट.

बालाजीची पेटी यायला दुपार होणार होती. मी सकाळी कौसाबाईच्या अंगणात लिंबाला कर्णा बांधत होतो. दादा आले, बायकांपाशी बसले आणि नेहमीसारखं विचारलं, "बालाजी रोज काय करायचा?"

कौसाबाई रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं. ती म्हणाली, "गाडी चालवायचा, दादा. टरक. सामान पोचवायचा. फोनवर म्हणायचा, आई, इथला रस्ता खालून खचलाय. तीन बार वर कळवलं, कोणी बघंना. लाइटी बंद करून त्याच्यावरनंच गाडी काढावं लागतंय. परवाच्या फोनला बी तेच बोलला. आन् आता हे काहीबाही सांगून राहिलेत. माझ्या लेकरानं कधी कोंबडी कापली न्हाई, दादा. गाडी दरीत गेली म्हून त्याच्या सायबानंच मला फोनवर सांगितलं." मग ती दादांचा हात धरून म्हणाली, "तुम्ही सांगा. माझा बालाजी जसा गेला तसा सांगा. रस्ता काहून नीट केला न्हाई, इचारा. मी इचारलं तर म्हणतील, बाई येडी झाली."

 "तुम्ही पाहिलं न्हाई, मी पाहिलं न्हाई," दादा म्हणाले. "पण तो बोलला ते तुम्ही तुमच्या कानानं ऐकलं. ऐकलं म्हून सांगतो. तुमचं नाव घेत न्हाई."

मी शिडीवर होतो, चार हातांवर. प्रत्येक शब्द ऐकला.

अंत्यसंस्कार शाळेच्या मैदानावर होते. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं लोटली होती, बायकाही होत्या. सलामी झाली. परमेश्वरनं अग्नी दिला. मग भाषणं. साहेब अर्धा तास बोलले आणि त्यातली पंचवीस मिनिटं आपण दिल्लीत कुणाकुणाला भेटलो ते बोलले. बालाजीनं मारलेल्यांचा आकडा त्यांनी आणखी थोडा वाढवला. घोषणा झाल्या. कौसाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि ती साहेबांकडे बघत नव्हती, दादांकडे बघत होती.

दादा उठले. "मागच्यांना ऐकू येतंय का?"

"हाव!" मी मागून ओरडलो.

"बालाजी गाडी चालवायचा," दादा म्हणाले. "त्यानं कुणाला मारलं असं त्यानं घरी कधी सांगितलं नाही. गाडी चालवणं हे लहान काम नाही. मी तीस वर्षं ड्रायव्हर लोकांत काढली आहेत, मला माहीत आहे. रात्री दिवे बंद करून डोंगरातून गाडी काढणं हे गोळी झेलण्याइतकंच मोठं आहे, त्याला खोट्या आकड्याची गरज नाही." इथवर लोक शांत होते. काही माना हलल्यासुद्धा. "रस्ता खचला आहे हे बालाजीनं तीनदा वर कळवलं होतं. तो रस्ता नीट झाला असता तर आज तो जिवंत असता, असं मला वाटतं. लढाई चालू आहे म्हणून हे विचारायचं नाही, असं लोक म्हणतात. उद्या त्याच रस्त्यावरून दुसऱ्या कुणाचा तरी बालाजी गाडी घेऊन जाईल. म्हणून आजच विचारतो. रस्ता सरकारचा आहे, तेव्हा सरकारनं—"

साहेबांचा पी.ए. माझ्याकडे बघत होता. त्यानं फक्त पंजा खाली दाबल्याची खूण केली. आणि मी आवाजाचं बटण खाली ओढलं.

कुणी माझा हात धरला नव्हता. कुणी धमकी दिली नव्हती. एक पंजा हलला आणि माझा हात आपोआप चालला. दादांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग समोरच्या भिंतीवरून आवाज परत येत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. ते थांबले, माइककडे बघितलं, मग लांबून माझ्याकडे. पी.ए.नं दुसरी खूण केली आणि मी देशभक्तीचं गाणं लावलं. मोठ्या आवाजात लावलं.

संध्याकाळपर्यंत दादांच्या बोलण्याचा तुकडा सगळ्यांच्या फोनवर होता, मागचं-पुढचं कापून. ड्रायव्हर लोकांचं वाक्य नव्हतं, गोळीइतकंच मोठं हे वाक्य नव्हतं. "कुणाला मारलं नाही" एवढं होतं आणि "सरकार" होतं. खाली लिहिलेलं, शहिदाच्या चितेवर देशद्रोह. ज्यांच्या बापांच्या मातीला दादा बोलले होते त्यांनी ते पुढं पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वीस-पंचवीस माणसं त्यांच्या दारात गेली, भिंतीवर काळी शाई ओतली आणि आडनावावरून जे बोलायचं ते बोलून आली. इतकी वर्षं आपल्या मेलेल्यांविषयी बोलायला हा माणूस चालत होता; आता एका दिवसात सगळ्यांना त्याचा वाडा आठवला. त्या गुरुजींनी दादांविरुद्धचं निवेदन लिहून दिलं. अक्षर त्यांचं सुंदर आहे.

ठाण्यात दादांना बोलावलं आणि मशीन माझं म्हणून मलाही. आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. अधिकाऱ्यानं विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं? कोण आहे मागं?"

"कोणी न्हाई. माझ्याच डोक्यातलं आहे," दादा म्हणाले.

अधिकारी माझ्याकडे वळला. "तुम्ही सकाळी त्या घरी होता ना? बाई काही बोलली का यांच्याशी?"

"मी वायर ओढून राहिलो होतो, साहेब. काही ऐकलं न्हाई."

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो, की मी कौसाबाईला वाचवलं. थापा आहेत. दादा तिला वाचवत होते. मी माझ्या गणपतीच्या ऑर्डरी वाचवत होतो.

पुढचे आठ-दहा दिवस दादा ढिम्म होते. माफी मागा म्हणून साहेबांचे निरोपावर निरोप. ते म्हणायचे, "गाडी लागली होती. मी तोंडाला हात लावून आलो होतो. आता न्हाई लागली म्हून कसं सांगू?" मुलीचा लातूरहून रोज फोन यायचा, ती रडायची. तरी नाही. मग एका सकाळी कौसाबाई स्वतः त्यांच्या दारात आली. परमेश्वर बाहेर रस्त्यावर उभा राहिला, आत आला नाही. मी त्या वेळी तिथं होतो. त्यांच्याकडे राहिलेल्या माझ्या खुर्च्या न्यायच्या निमित्तानं गेलो होतो, खरं तर तोंड दाखवायचं धाडस होतंय का ते बघायला.

"दादा, माफी मागून टाका," ती म्हणाली. मान वर केली नाही. "बालाजीमागं परमेश्वरला मिळायच्या नोकरीचा कागद अडकवलाय. म्हनतेत, तुमच्याच घरातनं हे निघालं असंल. एक लेकरू गेलं. दुसऱ्याला बी बट्टा लागून राहिलाय."

मला वाटलं दादा चिडतील. चिडायला हवे होते. ते उठले, आतून कपबशी आणली, तिला बशीत चहा ओतून दिला आणि म्हणाले, "मागतो. तुम्ही चहा घ्या."

माफीचा व्हिडिओ शाळेच्या मैदानावर काढायचा ठरला, झेंड्याच्या खांबापुढं, त्याच जागी. आवाज स्वच्छ यावा म्हणून साउंड मागवलं. माझंच. मी गेलो, वायर जोडली, माइक त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी दादांनी मागच्यांना काही विचारलं नाही. पी.ए.नं दिलेला कागद वाचला. "मी जे बोललो ते खोटं होतं" इथं ते अडले. कागदावरून नजर काढून त्यांनी मैदानाच्या त्या टोकाला पाहिलं, जिथं अजून राख काळी दिसत होती. मग वाक्य पुरं केलं. उभ्या आयुष्यात न लागलेली गाडी लागली म्हणून त्यांनी माइकवर तेवढी एकदाच सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.  वायर गुंडाळून, टेम्पोत टाकून मी घरी जेवायला गेलो आणि दोन भाकरी खाल्ल्या.

दादा महिन्याभरात लातूरला मुलीकडे गेले. लढाई कधीच थांबली होती. त्या दिवाळीत बालाजीचा एक सोबती सुट्टीवर आला असताना कौसाबाईला भेटून गेला. जाताना चौकातल्या हॉटेलात बसला आणि सहज बोलून गेला, की रस्ता खालून पोकळ झाला होता, बालाजी रोज ओरडायचा, त्याच्या मागं आणखी एक गाडी दरीत गेली, मग कुठं दुरुस्त केला. शाई ओतणारे तीन-चार जण तिथंच होते. त्यांनी त्याच्या चहाचे पैसे द्यायची घाई केली. एकानं विषय पावसापाण्यावर नेला. बस. परमेश्वरच्या नोकरीचा कागद अजून अडकलेलाच आहे, बालाजीच्या नावाची कमान मात्र झाली, आणि कमानीवर साहेबांचं नाव बालाजीच्या नावाच्या वर आहे.

मी एकदा ॲम्प्लिफायर आणायला लातूरला गेलो तेव्हा दादांकडे गेलो. मुलीचं घर क्लासेसच्या गल्लीत, खाली सायकलींची गर्दी, वर दादा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. कॉलरमागं रुमाल, घड्याळ मनगटाच्या आत. वाळले होते. मला बघून खरंच आनंद झाला त्यांना. चहा आला. माझ्या बशीत त्यांनी अर्धा ओतला. थोड्या वेळानं म्हणाले, "माइकवाले, त्या दिवशी मशीन गरम झालं होतं का हो?"

मला खरं सांगता आलं असतं. तेवढ्यासाठीच गेलो होतो. "हाव, दादा," मी म्हणालो. "लई गरम झालं होतं."

ते हसले. डोळ्यानं पाहिलं का, असं त्यांनी मला विचारलं नाही. "चहा घ्या," म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात कौसाबाई गेली. दोन महिने अंथरुणाला होती. शेवटी परमेश्वरला तिनं एकच सांगितलं, "माझ्या मातीला सोनकांबळे दादा बोलतील. दुसरं कोणी नको." परमेश्वरनं भीत भीत लातूरला फोन केला. दादा सकाळच्या एसटीनं आले, पांढऱ्या कपड्यात. आधी घरी गेले, बायकांच्यात बसले. काय विचारलं, त्यांना काय कळलं, मला माहीत नाही. या वेळी मी अंगणात थांबलो नाही.

स्मशानात गर्दी होती, कारण वीरमाता गेली होती. दुसरं कोणी नको म्हणाली होती तरी साहेब आधी बोलले. वीरमातेच्या डोळ्यात मी कधी पाण्याचा थेंब पाहिला नाही, म्हणाले. त्यांनी तिला एकदाच पाहिलं होतं, त्या दिवशी, मैदानावर. मग परमेश्वरनं दादांकडे बघून हात जोडले. दादा उठले. पी.ए. साहेबांच्या कानाशी लागला. शाई ओतणारे पुढच्या रांगेत मांडी घालून बसले होते, गुरुजी त्यांच्या शेजारी. मी सगळ्यात मागं, मशीनपाशी. बटण वर होतं. या वेळी मी ते पुरतं वर ठेवलं होतं.

दादांनी माइक हातात घेतला. जाळाकडे बघितलं, मग लोकांवरून लांब, मागं.

"मागच्यांना ऐकू येतंय का?"

आवाज तोच. चिंचेवरचे पक्षी उडाले. पुढारी, गुरुजी, सगळे सरळ समोर बघत बसले. कुणी खाकरलं. दादा थांबले. त्यांचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. उत्तर आल्याशिवाय ते सुरू करत नसत. पी.ए.नं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

दादांनी पुन्हा विचारलं नाही. मनगट वळवून घड्याळ पाहिलं, माइक परमेश्वरच्या हातात दिला, कौसाबाईच्या चितेला वाकून हात जोडले, चपला शोधून पायात घातल्या आणि चारच्या लातूर गाडीसाठी स्टँडच्या दिशेनं निघाले. ते माझ्या अगदी जवळून गेले. माझ्याकडे त्यांनी मान वळवली नाही.

मला ऐकू आलं होतं. सगळ्यात मागं मीच होतो.